बारामतीत रणजी, इंदापुरात टेनिस बॉल

विकेंडला बारामती? ऑफिसात हा प्लॅन नुसता बोलून दाखवा. समोरचा आधी हसेल आणि मग आवाज बारीक करून विचारेल, 'काय रे, काही काम काढलंस का तिकडे? कुणाची ओळख आहे?' पुण्यातल्या तरुण पब्लिकच्या नकाशावर लोणावळा आहे, मुळशी आहे, दिवेआगर आहे. शंभर किलोमीटरवरच्या बारामतीला मात्र आपण फक्त निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी जातो, तेही टीव्हीवरून. आमचं तिकडे जायचं कारण एकदम हटके होतं. क्रिकेट. आणि आयपीएलबियपीएल नाही, रणजी!

झालं होतं असं, की फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड असा रणजी सामना झाला. तालुक्याच्या गावी रणजी, म्हणजे बारामतीकरांच्या दृष्टीने सॉलिड गोष्ट. पण पाहुण्यांच्या नाही, यजमानांच्या बाजूने बघा. २०१८-१९ च्या मोसमात महाराष्ट्राचा संघ इतका खराब खेळला, की छत्तीसगडबरोबर त्याचीही थेट 'क' गटात रवानगी झाली. उत्तराखंडने रणजीत पाऊल टाकलं तेच मुळी त्या २०१८-१९ मध्ये. आणि आपण? १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा विजेते. तेव्हाचे कॅप्टन प्रा. दि. ब. देवधर, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर आजपर्यंत करंडक नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये फायनल गाठली, तिन्ही हरलो. २०१९-२० मध्ये त्या 'क' गटातूनही बाद फेरीत गेले ते जम्मू-काश्मीर आणि ओडिशा.

इथे एक खुलासा, कारण ऑफिसातल्या निम्म्या मंडळींना हे माहीत नसतं. क्रिकेटच्या भाषेत 'महाराष्ट्र' म्हणजे अख्खं राज्य नव्हे. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा. मुंबईने २०२३-२४ मध्ये ४२ वा रणजी करंडक घेतला. विदर्भ तर कालपरवापर्यंत खिजगणतीत नव्हता, त्यांनी २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन घेतले. राहिलेला महाराष्ट्र म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकणचा मोठा पट्टा. एवढा मुलूख हाताशी असून आपली ही गत का? पोरं नाहीत, की पोरं आहेत पण सापडत नाहीत? हा प्रश्न डोक्यात ठेवून बारामती आणि इंदापूर बघायचं, असा आमचा फंडा.

हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती. रस्ता हा असाच घ्या, सोलापूर हायवे परतीला ठेवा. सासवडच्या आसपास हंगामात अंजीर आणि सीताफळं रस्त्यालाच मिळतात. घासाघीस फार करू नका, अंजीर तेवढ्या वेळात नरम पडतं. याच पुरंदर तालुक्यात पारगाव मेमाणे आहे, हल्ली विमानतळाच्या बातम्यांत येतं ते. ऋतुराज गायकवाडचं मूळ गाव तेच. एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारणारा (होय, सात, २०२२, विजय हजारे ट्रॉफी, उत्तर प्रदेशविरुद्ध, एक नो-बॉल धरून) याच मातीतल्या घरातला. पण वाढला पिंपरी-चिंचवडमध्ये, आणि माझ्या मते सगळी गोम इथे आहे. पारगावात राहिला असता तर?

बारामतीत शिरलात की शहर तुम्हाला गोंधळवतं. रुंद रस्ते, कॉलेजं, एमआयडीसी, झाडं लावलेले दुभाजक. कवी मोरोपंतांचं गाव हेच, यावर गाडीतल्या कुणाचाही विश्वास बसला नाही. खेळाच्या खुर्च्यांच्या बाबतीत तर या गावाचा हात कुणी धरणार नाही. शरद पवारांनी राज्याच्या कबड्डी, खो-खो आणि कुस्ती संघटनांचं अध्यक्षपद सांभाळलं, मग मुंबई क्रिकेट, २००५ ते २००८ बीसीसीआय आणि २०१० ते २०१२ आयसीसी. २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदी निवडून आले रोहित पवार, तेही बारामतीचेच. म्हणजे क्रिकेटचा कारभार बघणारे इथून निघाले. क्रिकेट खेळणारे किती निघाले? यावर चहाच्या टपरीवर विचारा, मजेशीर शांतता पसरते.

सकाळी लवकर मैदानांकडे चक्कर मारा, उत्तर तिथे धावताना दिसतं. ट्रॅक पँट, घामाने भिजलेले टी-शर्ट, हातात स्टॉपवॉच. ही पोरं क्रिकेटची नाहीत, पोलिस भरतीची. १६०० मीटर किती मिनिटांत, गोळा किती लांब, हा त्यांचा स्कोअरकार्ड. अंगकाठी बघितली तर कुठल्याही कोचला वाटेल, यातल्या दोघांना तरी नवा चेंडू द्यावा. पण नोकरीचं गणित त्यांना चोख कळतं. तसं गणित रणजीतही वाईट नाही हं. बीसीसीआयच्या २०२१-२२ पासूनच्या दरांप्रमाणे अंतिम अकरातल्या नवख्याला दिवसाला ४० हजार, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार. चार दिवसांच्या एका मॅचचे किमान १ लाख ६० हजार! आपल्यापैकी कितीजणांची महिन्याची स्लिप तेवढी असते? फक्त त्या अकरा जागांची जाहिरात निघत नाही, आणि तिथे पोचायला दहाव्या-बाराव्या वर्षापासून टर्फवर खेळावं लागतं.

बारामतीहून इंदापूर साधारण पन्नास किलोमीटर. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन (हे खरंच गावाचं नाव आहे), निमगाव केतकी. हिवाळ्यात गेलात तर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांमागे दहाच्या स्पीडने चालायची तयारी ठेवा, ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. रणजीचा मोसमही हाच. जंक्शनवरून आत वळलं की वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात माळरानावर उभी केलेली साखर कारखान्याची वसाहत, जिथल्या कारखान्यातून पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग गेले. या तालुक्यात काही उगवणार नाही असं म्हणणाऱ्यांना एवढा एक फाटा दाखवला की पुरे.

या रस्त्यावर क्रिकेट पाहायला तिकीट लागत नाही. ऊस निघालेलं रान, शाळेचं पटांगण, यात्रेच्या मैदानाचा कोपरा, जिथे सपाट जागा तिथे स्टंप. रात्रीच्या मॅचेस तर विचारू नका: हॅलोजन, लाऊडस्पीकरवरची धमाल कॉमेंटरी, कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त ठेवलेला चषक. सगळं टेनिस बॉलवर. मजा जाम येते आणि फटके असे बसतात की चेंडू उसातून शोधायला तीन माणसं लागतात.

अडचण अशी आहे, की टेनिस बॉलचं क्रिकेट आणि रणजीचं क्रिकेट हे चुलत भाऊ आहेत, सख्खे नाहीत. टेनिस बॉलला शिवण नाही, त्यामुळे तो टप्पा पडून आत-बाहेर वळत नाही. सहा-आठ ओव्हरच्या मॅचमध्ये चेंडू सोडून देणं म्हणजे गुन्हा. पुढचा पाय बाजूला काढून आडवी बॅट फिरवायची, हेच तिथलं शहाणपण. चार दिवसांच्या खेळात सकाळच्या सत्रात निम्मे चेंडू सोडावे लागतात, आणि ते सोडायला शिकवणारी खेळपट्टी लागते. सीझन बॉल काही शे रुपयांचा, बॅट, पॅड, हेल्मेटचा खर्च वेगळा. आणि क्लब क्रिकेटचं वजन पुण्यात. इंदापूरहून पुणं एसटीने जायला तीन तास, यायला तीन. सातवीतल्या पोराला आठवड्यातून चारदा कोण पाठवेल?

तरीही सापडलेली नावं काढा, म्हणजे चकित व्हाल. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, २०२२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेल्या संघातला वेगवान गोलंदाज. सचिन धस बीडचा; फेब्रुवारी २०२४ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने काढलेले ९६ आठवत असतील. अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा, त्याच संघातला. यातला एकही पुण्याच्या पेठेतला नाही. तेव्हा गुणवत्ता आहे की नाही, हा वाद माझ्यापुरता मिटला. फलंदाजी तर नक्कीच आहे.

पुढचा प्रश्न जास्त टोचतो. सापडलेल्यांचं आपण करतो काय? २०१३-१४ चं उदाहरण घ्या. तेव्हाही महाराष्ट्र 'क' गटातच होता. तिथून वर येऊन आपण वानखेडेवर मुंबईला हरवलं, सेमीफायनलमध्ये बंगालला हरवलं आणि फायनलमध्ये कर्नाटकला भिडलो. केदार जाधवच्या त्या मोसमात १२२३ धावा, आणि नव्या चेंडूवर समद फल्लाह आणि अनुपम संकलेचा. वानखेडेवर केदारला साथ देत नाबाद ९१ काढणारा पोरगा होता जालन्याचा विजय झोल, भारताच्या अंडर-१९ संघाचा कॅप्टन. पाच वर्षांत संघ पुन्हा तळाला. झोल भारताच्या मुख्य संघापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे उभं राहता येतं हे सिद्ध झालंय, टिकता येत नाही.

सध्याचा उपाय म्हणजे बाहेरून माणसं आणणे. विदर्भाला २०१७-१८ च्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेऊन देणारा रजनीश गुरबानी आला. २०२५-२६ साठी मुंबईचा पृथ्वी शॉ आणि अनेक वर्षं केरळकडून खेळलेला, चाळिशीला टेकलेला जलज सक्सेना आले. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये आपले चार गडी पाच धावांत गेले, तेव्हा डाव सावरला कुणी? ऋतुराजने ९१ काढून, आणि सक्सेनाने ४९ काढून. एक घरचा, एक पाहुणा. पुढे चंदीगडविरुद्ध शॉने २२२ ठोकल्या. मला या आयातीचं वावडं नाही. कंपनीत सिनिअर माणूस बाहेरून घेतातच की. पण चाळिशीच्या माणसाच्या खांद्यावर पाच वर्षांचा प्लॅन करता येत नाही, आणि वेगवान गोलंदाजीत आपली फळी आजही पातळ आहे.

इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीजवळ उभं राहून आम्ही यावर बराच वेळ भांडलो. 'खेड्यातल्या पोरांना घेऊन प्रो टीम बनत नाही,' असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं. त्याला मी दोन नावं ऐकवली, दोन्ही श्रीरामपूर तालुक्यातली. पहिलं झहीर खान. श्रीरामपूरचा हा डावखुरा महाराष्ट्राकडून नाही, बडोद्याकडून रणजी खेळला, २०००-०१ ची फायनल त्यांना जिंकून दिली आणि पुढे मुंबईला गेला. दुसरं अस्लम इनामदार, टाकळीभानचा. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही मोसमांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, तळाला होती. मोठ्या किमतीच्या स्टार रेडर्सचे प्रयोग करून झाले, आणि मग त्यांनी अस्लम, मोहित गोयतसारख्या कोवळ्या पोरांवर भरवसा टाकला. १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण चॅम्पियन, कॅप्टन अस्लम. पुढच्या मोसमात अस्लम दुखापतीने बसला, इराणचा शादलू हरियाणाला गेला आणि गाडी घसरलीच. पण २०२५ मध्ये पुन्हा फायनलला. एकाच तालुक्यातली दोन पोरं. एकाला पुण्याच्या टीमने धरून ठेवलं.

आणि आता इंदापूरच्या अगदी शेजारची गोष्ट. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका. तिथल्या मिरे गावची किरण नवगिरे, आधी भालाफेकीत रमलेली. २०२२ मध्ये तिने महिलांच्या टी-ट्वेंटीत एका डावात १६२ कुटल्या, त्या नागालँडकडून! त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. मग महाराष्ट्राकडे आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शंभर. महिलांच्या टी-ट्वेंटीतलं तोवरचं सर्वात वेगवान शतक. इंदापूरच्या घाटावर उभं राहून हाक मारली तर ऐकू जाईल अशा अंतरावरची ही पोरगी आपल्याला मिळाली ती दिमापूरमार्गे.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या एमपीएलमुळे रत्नागिरी, सोलापूर, कोल्हापूरची नावं जर्सीवर आली, हे चांगलंच झालं. पण मॅचेस टी-ट्वेंटीच्या. माझं मागणं साधं आहे. बारामतीत दर मोसमात निदान एक रणजी सामना, आणि इंदापूर, भिगवण, वालचंदनगरला प्रत्येकी दोन टर्फ विकेट आणि एक पगारी कोच. एका आयात खेळाडूच्या मोसमभराच्या खर्चात यातलं बरंच बसेल.

परतताना हायवेला लागा आणि भिगवणला थांबा. उजनीच्या पाण्यातली चिलापी, तव्यावर कडक भाजलेली, सोबत ज्वारीची भाकरी. ऑर्डर देतानाच रस्सा तिखट हवा की मध्यम ते सांगा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल. डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर पहाटे कुंभारगावला होडी करून फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, बघता येतात. रणजीचा दुसरा टप्पा जानेवारीत सुरू होतो, तेव्हा वेळापत्रकात महाराष्ट्राची घरची मॅच कुठे आहे ते बघून मगच तारीख ठरवा. गहुंजे असेल तर दुपारी जेवून निघालात तरी चालेल. बारामती असेल तर बॉसला आधी सांगून ठेवा, शुक्रवारपासूनच सुट्टी टाका.