कडीला लटकलेली अक्षरं

वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनचं मेट्रो स्टेशन महामार्गाच्या मधोमध आहे. दोन्ही अंगांनी गाड्यांचा ओघ, आणि फलाटावर आपण, पुरातल्या बेटावर अडकल्यासारखे. 15 नोव्हेंबर 2022 ला इथं प्रवासी गाडी सुरू झाली, पण पाटीवरची अक्षरं जुन्या घराण्यातली: तपकिरी खांबावर पांढरी, ताठ हेल्वेटिका, मास्सिमो विन्येली यांनी सत्तरच्या दशकात या मेट्रोला दिलेली. टोकांना सेरिफ नाहीत, अंगावर दागिना नाही. नुसती उभी.

आणि मग टोलच्या रस्त्यावरून एक ट्रक जातो.

त्याच्या अंगभर माणसाच्या उंचीची, जाड, उजवीकडे कललेली अक्षरं. फलाटावरून दिसते ती ट्रकची डावी बाजू. ट्रक डावीकडे धावतो आणि अक्षरं उजवीकडे झुकलेली राहतात, समोरच्या वाऱ्यानं भाताची लोंबी मागं लवावी तशी. नाव वाचून होत नाही. कल तेवढा डोळ्यांत राहतो.

हा कल पहिल्यांदा 1501 साली व्हेनिसमध्ये, आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यात, अख्ख्या पुस्तकभर उमटला. लिहिणाऱ्या हाताची ती नाजूक लगबग होती. ती वाढत, जाडावत, सेरिफ गाळून या पत्र्यावर कशी येऊन पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या ट्रकमागोमाग मला आठवतात ती रविवारच्या पेपरातली अक्षरं. आई चहा गाळत असायची आणि मी जमिनीवर पालथी पडून नाटकांच्या जाहिराती पाहत असायची. कमल शेडगे यांच्या हातची नावं. वाचता येण्याआधीच ती कळायची. कुठलं नाव रागावलंय, कुठलं लाजतंय, कुठलं घाईत आहे. 2020 च्या जुलैत ते गेल्याची बातमी इथल्या स्वयंपाकघरात वाचली, तेव्हा ओल्या शाईचा आणि चहाचा वास एकदम आला.

रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. ते कललं की पळू लागतं. आपलं अक्षर शिरोरेखेला टांगलेलं. ते कललं, तरी वरची रेघ आडवी, निश्चल राहते आणि खालचे काने, वेलांट्यांच्या दांड्या, सगळं एका बाजूला झुलतं. ठाण्याहून लोकल सुटताना डोक्यावरच्या साऱ्या कड्या एकदम मागं जात, किणकिणत, आणि दांडा मात्र जागचा हलत नसे, तसं. माझ्या लेखी ती पळणारी अक्षरं नव्हेतच. ती धरून ठेवणारी.

गाडी आली. आत उबेनं काच धुकट झालेली. लेक बोटानं लिहू लागली. रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात तसं अक्षरं आधी आणि रेघ शेवटी असं नाही. तिनं आधी लांबलचक रेघ ओढली, मग एकेक अक्षर तिला अडकवू लागली.

"आई, आजीचं ठाणं असंच ना?"

ठ झाला. त्याचा काना ओढताना गाडी सुटली, बोट घसरलं, आणि तो एकटाच तिरपा होऊन रेघेला लोंबत राहिला. त्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमत होता.