वाऱ्याच्या चोरवाटा

मुलांनो, परभणी म्हटलं की तुम्हांला कडक ऊनच आठवत असेल, हो ना? पण आमची थंडीसुद्धा काही कमी नाही बरं का! डिसेंबर 2018 मध्ये तर इथल्या कृषी विद्यापीठात नोंदलेलं तापमान पाच अंशांच्याही खाली गेलं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही पत्र्याच्या खोलीत राहत होतो. दार-खिडकी घट्ट लावली तरी रात्री मानेला गार झुळूक लागायचीच. लेकीचा खोकला थांबेना. हा वारा शिरतो तरी कुठून?

शेवटी मी उदबत्ती पेटवली आणि भिंतीच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर गेला, तर तिथे फट नाही. धूर आडवा पळाला, की समजायचं, सापडला चोर! दाराखाली बोटभर फट निघाली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये भेग निघाली. सगळ्यांत मोठी चोरवाट मात्र वर होती. पत्रा नागमोडी आणि भिंत सरळ, म्हणून प्रत्येक वळणाखाली एकेक भोक!

मग मी मातीत गव्हाचा भुसा कालवून भेगा लिंपल्या. भोकांत चिंध्या कोंबल्या. जुन्या लुगड्याची लांबट पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली आणि ती दाराशी ठेवली. पत्र्याखाली पोत्यांचं छत ताणलं. पत्रा आणि पोतं यांच्यामध्ये हवा अडकते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहज निसटत नाही. वाकळीची ऊब तरी दुसरी कसली असते?

लेक शांत झोपली. मी खूश! पण त्याच रात्री माझी मोठी चूक झाली. सासूबाईंचे पाय गार पडले म्हणून नेहमीसारखं घमेल्यात निखारे घालून आत ठेवले. पहाटे त्या धडपडत उठल्या.

"डोकं लई दुखायलंय गं, मळमळ व्हायलीय. आधी दार उघड!"

माझंही डोकं जड झालं होतं. लेकीला उचलून आम्ही अंगणात आलो, तेव्हा कुठे बरं वाटलं.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातली ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही आणि जीव जाऊ शकतो. आजवर तो फटींतून थोडाफार निसटत होता. आता त्याची वाट मीच बुजवली होती! जळताना कोणते वायू निघतात, हे मी वर्गात शिकवते. घरी मात्र विसरले.

त्या दिवसापासून निखारे अंगणातच राहिले. अंथरुणावर वारा येणार नाही असा एक झरोका वरच्या बाजूला उघडा ठेवला.

तुम्हीही मोठ्या माणसाला सोबत घेऊन उदबत्तीने चोरवाटा शोधा. अंगावर वारा सोडणाऱ्या फटी बुजवा, पण एक झरोका राहू द्या. आणि कुणी पेटती शेगडी झोपायच्या खोलीत आणली, तर 'आपण लहान' म्हणून गप्प बसू नका हं!