बारीनं बांधलेली देवळं

गुरुवारी शेगावच्या स्टेशनावर उतरलेला माणूस रिक्षावाल्याला देवाबद्दल काही विचारत नाही. त्याचा पहिला सवाल, ‘बारी किती हाय हो?’ तासाभराची असली तर तो सरळ चप्पल-स्टँड गाठतो, चार तासांची असली तर आधी कचोरी खाऊन घेतो. बारी म्हणजे दर्शनाची रांग. आम्हा शेगावकरांना ती पावसापाण्यासारखी रोजची.

ही बारी म्हणजे देवळाला बाहेरून चिकटवलेली सोय, अशी आपली समजूत असते. मला ते पटत नाही. जिथं संताचा देह जमिनीखाली विसावला आहे, तिथली वास्तू बारीच घडवते. शिखर, नक्षी, कळस ही मागाहून येणारी मंडळी. युरोपातल्या जुन्या चर्चांविषयी वाचायला लागलो तेव्हा कमानी आणि खांबांच्या वर्णनांतून मला सारखी आमची बारीच दिसत राहिली.

शेगावच्या गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, समाधी घेतली. समाधी खाली भुयारात, वर रामाचं मंदिर. पायऱ्या उतरायच्या, माथा टेकायचा, सेवाधाऱ्याचं ‘चला माउली’ कानावर पडलं की वेगळ्या वाटेनं वर यायचं. उतरणारा आणि चढणारा एकमेकांना आडवे येत नाहीत. रोमच्या जुन्या सेंट पीटर चर्चमध्ये इसवी सन ६०० च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याच्या काळात हीच युक्ती योजली गेली. पीटरची कबर वेदीच्या खाली होती. वेदीचा चौथरा उंच केला आणि त्याच्या पोटातून अर्धगोल बोळ काढला. यात्रेकरू एका बाजूनं खाली उतरत, कबरीजवळून जात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत. वर पूजा चालू, खाली बारी चालू. मग ही रचना इटलीत आणि आल्प्सपलीकडे अनेक चर्चांनी उचलली.

पुढं बोळ अपुरे पडू लागले. अकराव्या शतकात स्पेनमधल्या सांतियागोची पायी वारी फोफावली तशी त्या वाटेवरची चर्चही बदलली. सांतियागोचं कॅथीड्रल १०७५ च्या सुमारास सुरू झालं. तुलूझच्या सेंट सेर्नेंचं, विटांच्या त्या अफाट चर्चचं, अभिषेकपूजन १०९६ मध्ये झालं. दोन्हीकडे मुख्य दालनाच्या कडेनं सुरू होणारी वाट वेदीच्या मागून वळसा घेऊन परत येते. वळशावर पाकळ्यांसारखी छोटी देवघरं, प्रत्येकात कुणा ना कुणा संताचे अवशेष. मधल्या प्रार्थनेला धक्का न लागता यात्रेकरूची प्रदक्षिणा पुरी होते. पंढरीच्या वारकऱ्याला डोळे बांधून तिथं नेऊन सोडलं तरी पाय आपोआप डावीकडून चालू लागतील.

पण खरी गंमत पॅरिसजवळच्या सां दनीची. गॉथिक शैलीचा जन्म इथला, असं बहुतेक इतिहासकार सांगतात, आणि लगेच रंगीत काचांकडे, प्रकाशाच्या तत्त्वज्ञानाकडे वळतात. तिथला मठाधिपती सुजे स्वतः काय लिहून गेला ते पाहा. सणाच्या दिवशी जुन्या चर्चमध्ये इतकी रेटारेटी व्हायची, की आत शिरलेल्याला मागं फिरता येत नसे. चेंगरलेल्या बाया किंचाळायच्या, काही तर पुरुषांच्या डोक्यांवरून वाट काढायच्या. अवशेष दाखवणाऱ्या साधूंना शेवटी ते घेऊन खिडकीतून पळ काढावा लागे! तेव्हा त्यानं बांधकाम काढलं. दर्शनी बाजूला तीन मोठे दरवाजे झाले. मागचा भाग ११ जून ११४४ रोजी पवित्र करण्यात आला. जाड भिंतींची जागा सडपातळ खांबांनी घेतली, टोकदार कमानींनी छताचा भार पेलला, वेदीमागं प्रदक्षिणेची दुहेरी वाट झाली. तळघरातले संतांचे अवशेष त्यानं वर उजेडात आणले. सुजेला प्रकाशाचं वेड होतं हे खरंच, पण भिंती पातळ करण्याची निकड त्याला आधी गर्दीनं लावली, असं माझं ठाम मत आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्या चेंगरलेल्या बायांना एखादी ओळही मुश्किलीनं मिळते.

आपल्या जवळचं उदाहरण जुन्या गोव्याचं. बॉम जेझूचं चर्च १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पुरं झालं. तेव्हा फ्रान्सिस झेवियरला संतपद मिळायचं होतं. ते १६२२ मध्ये मिळालं. ते बांधणाऱ्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांना प्रवचनासाठी जागा हवी होती, म्हणून त्यांनी एकच मोठं दालन बांधलं. वेदीमागून फिरायला वाट नाही. पुढं संताचा देह तिथं आला, गोव्याच्या सोनारांनी चांदीची पेटी घडवली, १६९८ मध्ये फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं घडवलेला संगमरवरी चौथरा बसला, तोही एका बाजूला. नजर पोहोचते, हात पोहोचत नाही. म्हणून दर दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनात, अगदी परवाच्या २०२४ मध्येही, पेटी खाली उतरवून समोरच्या ऐसपैस से कॅथीड्रलमध्ये न्यावी लागते. चर्च देखणंच आहे, पण बारीला नालायक.

गावोगावी हल्ली जीर्णोद्धाराची लाट आहे. शिखर किती फूट, संगमरवर कुठला, यावर विश्वस्तांच्या बैठका रंगतात, आणि बारीच्या नशिबी मात्र शेवटी लोखंडी पाइप आणि पत्र्याचा मांडव येतो. विश्वस्त मंडळींना हात जोडून विनंती, की नकाशावर सही करण्याआधी आर्किटेक्टला एवढंच विचारा: सणाच्या दिवशी आत गेलेली म्हातारी, धक्का न खाता, बाहेर कुठून पडणार?