पाळण्यातले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मराठी माणूस सहज उच्चारतो. मूल मोठे होऊन त्याचा लौकिक झाल्यावर ती उच्चारली, तर ती कधीच खोटी ठरत नाही. कारण त्या वेळी पाय आणि चाल दोन्ही डोळ्यांसमोर असतात. म्हणीची खरी कसोटी लागते ती पाळणा हलत असताना. माणसाच्या मुलाच्या बाबतीत अशी कसोटी कोणी घेत नाही, कारण मूल कोणी निवडून घेत नाही. कुत्र्याच्या पिलाची गोष्ट निराळी आहे. एका वेतात पाचसहा पिले असतात, त्यांतून एकच उचलायचे असते, आणि त्या एका निवडीवर पुढची दहाबारा वर्षे अवलंबून राहतात. घराचीही आणि त्या पिलाचीही.

वेड पांघरून ज्या पेडगावाला जाण्याची म्हण सांगितली जाते, ते पेडगाव भीमेच्या काठी आहे. परभणी तालुक्यातील पेडगाव त्याहून वेगळे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्याभोर जमिनीचे, ज्वारी, कापूस आणि तूर पिकवणारे हे गाव परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लागते. या भागात आखाडा म्हटले की कुस्तीची जागा डोळ्यांसमोर येत नाही. शेतातला गोठा, कडब्याची गंज आणि राखणीची खोप यांची मिळून जी वस्ती होते, तिला येथे आखाडा म्हणतात. रात्री गाव दूर राहते. आखाड्यावर सालगडी किंवा घरचा एखादा म्हातारा, दावणीची बैलजोडी आणि अंधार एवढेच उरते. रानडुकरांचा कळप तुरीत शिरला, रोही उभ्या ज्वारीत आले, किंवा कोणी परका माणूस दावणीजवळ वाकला, तर त्याची पहिली वर्दी देतो तो कुत्रा. म्हणूनच कोणते पिलू आणावे हा प्रश्न येथे हौसेपुरता राहत नाही.

गावातल्या कुत्र्यांचा मेळ बहुधा भाद्रपदात पडतो. तेथून सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत, कडब्याच्या आडोशाला पिले जन्मतात. जन्मतः ती आंधळी आणि बहिरी असतात. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यामागोमाग कान उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ती डुलत डुलत उभी राहू लागतात. महिना भरला की त्यांच्या झटापटी सुरू होतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे त्यांच्यावर खिळू लागतात.

पिलू पारखण्याच्या जुन्या रीती गावोगाव ऐकू येतात. कोणी नखे मोजतो आणि वीस नखांचे पिलू शूर निघते असे सांगतो. कोणी कान धरून पिलाला वर उचलतो. जे केकाटते ते भित्रे आणि जे मुकाट राहते ते धीट, असा निवाडा देतो. पहिल्या रीतीने पिलाला इजा होत नाही, पण तिच्यातून काही कळतही नाही. जादा नख हा शरीराचा विशेष आहे, स्वभावाची साक्ष तो देत नाही. दुसरी रीत मात्र क्रूर आहे आणि फसवीही. वेदना झाली म्हणून ओरडणे यात भित्रेपणा नाही. उलट अतिशय भ्यालेले पिलू पुष्कळदा गोठल्यासारखे होते आणि आवाजही काढत नाही. ते मौन शौर्याचे समजणारा माणूस वेतातले सर्वांत घाबरट पिलू मोठ्या अभिमानाने घरी नेण्याचा संभव असतो.

हा घोटाळा लहान नाही. भित्रे कुत्रे नेहमी पळूनच जाते असे नाही. पळायला वाट उरली नाही की ते चावते, आणि खेड्यात त्या वेळी समोर असते ते बहुधा एखादे खेळते मूल. मग रेबीजची भीती, जखम साबणाने धुणे, दवाखान्याच्या फेऱ्या, सुया हे सारे ओघाने येते. एकदा चावलेल्या कुत्र्याच्या वाट्याला काठी येते, जन्माची साखळी येते, किंवा पोत्यात घालून त्याला दूरच्या रस्त्यावर सोडले जाते. निवड चुकते माणसाची. तिची शिक्षा बहुतेक वेळा जनावर भोगते.

पिलाचा स्वभाव ओळखायचा तर प्रथम काहीही न करता नुसते बघत बसावे. एका आईच्या दुधावर वाढलेल्या पाच पिलांत किती वेगळेपण असते, ते घटकाभरात कळू लागते. एखादे पिलू भाकरीच्या तुकड्यावर सर्वांआधी झडप घालते, भावंडांना रेटते, पाहुण्याच्या धोतराचा सोगा दातांत धरून ओढते. दुसरे कोणाचीही चाहूल लागली की शेपूट हलवीत धावत येते. बघायला आलेला नातू याच पिलावर भाळतो आणि म्हणतो, “आजा, हेच घेऊ, ते माझ्याकडंच आलं.” आजोबा शांतपणे म्हणतात, “अरे, ते समद्यांकडंच जातंय.” तिसरे पिलू कडब्याच्या पेंढीमागे अंग चोरून बसते. चौथे आपल्याच नादात असते. माणूस आला काय आणि गेला काय, ते मुंग्यांच्या रांगेमागे निघून जाते. पाचव्याकडे पहिल्या भेटीत लक्षही जात नाही. ते थोडे दूर थांबते, पाहते, आणि मग बेताने जवळ येते.

नुसते पाहून झाल्यावर एकेका पिलाला आईपासून थोडे दूर, अनोळखी पण निर्धोक जागी न्यावे. उकिडवे बसून हलकेच टाळी वाजवावी. ते येते का ते पाहावे. उठून चालू लागावे. ते मागे येते का ते पाहावे. चिंध्यांचा चेंडू टाकावा; ते धावते का, आणि धावून तो परत आणते का, हेही पाहावे. हलक्या हाताने क्षणभर उताणे धरावे. ते धडपडून मग स्थिरावते, की शेवटपर्यंत झगडते, की श्वास रोखून पडून राहते, यातला फरक मोलाचा आहे. शेवटी चार पावलांवर एक थाळी जमिनीवर पडू द्यावी. त्या आवाजाने सर्वच पिले दचकतात. दचकणे हा दोष नव्हे. न दचकणाऱ्या पिलाला नीट ऐकू येते ना, हीच शंका प्रथम घ्यावी. पाहायचे असते ते दचकल्यानंतरचे अर्धे मिनिट. एक पिलू पळून जाते आणि हाका मारल्या तरी येत नाही. एक थाळीवर चालून जाते. आणि एक कान पाडून मागे सरते, थबकते, मान लांब करते, आणि हळूहळू येऊन थाळी हुंगून पाहते. भीती वाटूनही कुतूहल तिच्यावर मात करते, अशा पिलाला पुढे बरेच काही शिकवता येते.

ही परीक्षाही एका भेटीत पुरी मानू नये. पोट भरलेले पिलू सुस्त असते, भुकेले उतावळे असते, आणि ज्याच्या पोटात जंत झाले आहेत ते उगाच शांत दिसते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा पाहावे. शक्य तर आईलाही पाहावे. माणसाशी विश्वासाने वागणाऱ्या आईजवळ पिले विश्वास शिकतात. परक्याला पाहून थरथरणारी आई तीच थरथर पिलांना देते. वेड पांघरणे माणसाला येते, पिलाला येत नाही. ते आपला स्वभाव लपवीत नाही. पाहणारा घाई करतो, म्हणून तो त्याला दिसत नाही.

परंतु सर्वांत चांगले पिलू कोणते, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. सर्वांच्या पुढे झेपावणारे पिलू भक्कम आवाजाच्या आणि शांत हाताच्या राखणदाराजवळ शोभते. तेच लहान मुलांच्या घरात डोईजड होते. सर्वांकडे शेपूट हलवीत जाणारे पिलू मुलांना सोबत म्हणून उत्तम. आखाड्यावर ते चोराचेही स्वागत करील. आपल्याच नादात राहणाऱ्याला मोकळे शिवार मानवते. पेंढीमागे लपणाऱ्याला निवांत घर आणि धीराचा माणूस मिळाला तर तेही खुलते. मात्र केवळ दया आली म्हणून त्याला गजबजलेल्या घरात नेणे ही दया ठरत नाही. पिलाची परीक्षा घेता घेता माणसाला आपल्या घराचीच परीक्षा द्यावी लागते : घरात आवाज किती, वेळ किती, संयम किती? आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बहुतेक जण नर उचलतात आणि मादी पिले मागे राहून रस्त्याला लागतात. धीर, विश्वास आणि कुतूहल यांचा अंदाज केवळ नर-मादीवरून बांधता येत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतली, तर कुत्री पाळल्याने पिलांचा भार वाढण्याची धास्तीही राहत नाही.

मग पाळण्यात पाय दिसतात हे खरे की खोटे? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न पुष्कळ तपासला आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जन्मजात गुणांत फरक असतो, हे त्यांना दिसले. पण तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाचे माणसाशी नाते जुळण्याला निर्णायक असतो, हेही दिसले. तेथल्याच १९६१ सालच्या एका प्रयोगात जी पिले चौदा आठवडे माणसाच्या सहवासाशिवाय वाढली, ती पुढे माणसाला पाहून रानातल्या प्राण्याप्रमाणे दूर पळू लागली. कॅलिफोर्नियात क्लॅरेन्स फाफेनबर्गर हे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची निवड करीत असत. परीक्षेत उतरलेली पिले लगेच कुटुंबात गेली तर बहुतेक यशस्वी होत. तीच गुणी पिले तीन आठवड्यांहून अधिक काळ कुत्रेघरातच राहिली, तर त्यांच्यातील यशस्वी होणाऱ्यांचे प्रमाण फार घसरे, असे त्यांना आढळले. आणि २०१४ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीची पिले जन्मल्यावर, सहासात आठवड्यांची असताना आणि दीडदोन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा पिलाचा स्वभाव आणि मोठ्या कुत्र्याचा स्वभाव यांचा मेळ फारसा बसला नाही. नवी जागा हिंडून पाहण्याची ओढ एवढी एकच गोष्ट काहीशी टिकून राहिली होती.

पाळण्यात पाय दिसतात. चाल मात्र दिसत नाही. चाल पुढे घडते, आणि ती घडवण्यात घराचा वाटा मोठा असतो. मेंढपाळांना ही गोष्ट प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होती. चार्ल्स डार्विन १८३३ साली आजच्या उरुग्वे देशातून प्रवास करीत होता. कुत्री मेंढ्यांचे कळप एकट्याने राखताना पाहून त्याने चौकशी केली. पिलाला अगदी लहानपणी आईपासून काढून मेंढीचे दूध पाजतात आणि मेंढवाड्यातच लोकरीच्या बिछान्यावर वाढवतात, असे त्याला कळले. त्या पिलाला कळप हेच आपले घर वाटू लागते आणि मोठेपणी ते त्याच्यासाठी उभे राहते. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवणाऱ्या धनगरांच्या वाड्यावरही मेंढ्यांच्या उबेत लोळणारी पिले दृष्टीस पडतात.

म्हणून निवडलेले पिलू घरी आणण्याची वेळही साधली पाहिजे. महिन्याच्या आत उचललेले पिलू आईच्या दुधाला मुकते आणि भावंडांनाही मुकते. खेळताना जोराने चावले की भावंड ओरडते आणि खेळ मोडतो. दात किती लावावा ही मर्यादा पिलू तेथेच शिकते. सातआठ आठवडे हा योग्य काळ. त्याच सुमारास पहिली लस टोचून घ्यावी, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा पेडगावच्या माणसाला जाणत्याचा सल्ला घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्यानंतरचे काही आठवडे पिलाला बैलांच्या घुंगुरमाळा, ट्रॅक्टरचा आवाज, पाहुण्यांचे पाय, मुलांचे हात या साऱ्यांची ओळख गोडीने आणि बेताने करून द्यावी. साखळी, लाथ आणि उपासमार यांत वाढवून पुढे त्याच्याकडून इमानाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा चालत राहतो. युधिष्ठिराने त्याची नखे मोजली नव्हती की त्याला निवडलेही नव्हते. तो आपण होऊन मागे आला होता. तरीही स्वर्गाच्या दाराशी इंद्राने त्याला सोडायला सांगितले, तेव्हा युधिष्ठिराने नकार दिला. आश्रयाला आलेल्याला टाकणे त्याला अधर्म वाटले. पिलू डोळसपणे निवडावे, घाईने निवडू नये, हे खरेच. पण त्याला एकदा उचलून घराचा उंबरठा ओलांडला की निवडीचा अधिकार संपतो. पुढे ते अपेक्षेहून थोडे भित्रे निघो की थोडे हूड निघो, त्याच्याकडे ‘आपले’ म्हणूनच पाहावे लागते; आणि असे पाहणाऱ्यांच्या घरीच पुष्कळदा साधे पिलूही चांगले कुत्रे होते.