ओठांचं इंजेक्शन

आमच्या गोरेगावात (हिंगोली जिल्ह्यातलं हं, मुंबईच्या लोकलवालं नव्हे!) माझं छोटंसं मेडिकल आहे. पूर्वी लग्नसराई आली की पोरी गोरं होण्याची क्रीम मागायच्या. आता विचारतात, ओठ भरायचं इंजेक्शन ठेवता का म्हणून. काळ बदलला, दुसरं काय...

त्यात आमची भाची. वय २१, लग्न ठरलेलं. "मामा, पार्लरवाली ताई टोचून देते म्हणाली, तेवढी ट्यूब तुम्ही आणून द्या ना स्वस्तात." तिला सांगता सांगता वाटलं, इथंच लिहून टाकावं. बाकीच्या भाच्या-पुतण्याही वाचतातच की.

बोटॉक्स आणि फिलर एक नव्हे. बोटॉक्सनं स्नायू सैल पडतो, फिलरनं खळगा भरतो. बहुतेक फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेली असते. हा पदार्थ आपल्या कातडीत, सांध्यांत असतोच. १९३४ साली मेयर आणि पामर या दोघांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला तो गायीच्या डोळ्यातून! ओठांतली जेली साधारण वर्षभरात विरते, म्हणजे खर्च पुन्हा आहेच. अमेरिकेच्या एफडीएनं फिलरला मंजुरी दिलीय ती २२ वर्षांपुढच्यांसाठी. हे ऐकून भाची फुगली, इंजेक्शनाशिवायच.

आता भीतीचं सांगतो. सुज येते, काळंनिळं होतं, ते आठ-पंधरा दिवसांत बसतं. (म्हणून हळदीच्या आदल्या आठवड्यात हा उद्योग नको, निदान महिनाभर आधी.) खरा धोका जेली रक्तवाहिनीत शिरण्याचा. रक्त अडलं की तेवढी कातडी मरते. नाकाजवळच्या आणि भुवयांमधल्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिन्यांशी संबंध असतो, त्यामुळे कायमची दृष्टी गेल्याच्याही घटना आहेत. क्वचित होतं, पण होतं. टोचणाऱ्याला चेहऱ्याच्या आतला नकाशा पाठ हवा तो यासाठी. पार्लरवाली ताई मेंदी सुरेख काढते, ते वेगळं. आणि सुई नसलेलं ते हायलुरॉन पेन? त्याविरुद्ध एफडीएनं २०२१ मध्येच इशारा दिलाय.

उतारा आहे. हायलुरॉनिडेज. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भुलीच्या औषधात मिसळतात तेच. ते जेली विरघळवतं, म्हणून चूक निस्तरता येते. पण फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडची. कॅल्शियमवाल्या फिलरवर किंवा सिलिकॉनवर ते चालत नाही. तेव्हा भाचीला म्हटलं, त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा, आणि भाव विचारायच्या आधी विचार: हायलुरॉनिडेज इथं, आत्ता, कपाटात आहे का? डॉक्टर चांगला असेल तर रागावणार नाही. सिरिंजचं सील समोर फोडायला सांग, खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर जपून ठेव. गरोदरपण, अंगावर पाजणं, ओठाला जर आलेला, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर आधी सांगायचं.

आणि आपल्या गावाकडच्यांसाठी एक जास्तीचं. नांदेडला टोचून घेऊन त्याच दुपारी एसटी पकडू नका. कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उमटले, दुखणं वाढतच चाललं, तर त्याच डॉक्टरकडे तासाभरात पोचता आलं पाहिजे. नजर अंधुक झाली तर तेवढाही वेळ नाही. इथून आधी हिंगोली गाठायची, मग पुढं... रात्री तर विचारूच नका.

भाचीची आत्या नांदेडलाच राहते. ते एक बरं आहे.