गायरानातला अंधार

उल्कावर्षाव बघायला अंधार लागतो. अंधाराची आपल्याला कधी टंचाई नव्हती. गावातला शेवटचा विजेचा खांब वेशीपाशी संपतो. त्याच्या पुढं दोन किलोमीटरवर, बीड जिल्ह्यातल्या उघड्या माळावर, आमचं गायरान.

बानं १९८४ साली हा माळ फोडला. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकूनच त्यानं कुदळ उचलली होती. १९९१ च्या सरकारी ठरावाप्रमाणं १४ एप्रिल १९९० पर्यंतचा आपल्यासारख्यांचा ताबा नावावर व्हायचा होता. बा गेला, सातबारा आला नाही. सातबारा नाही म्हणून मीटर नाही. मीटर नाही म्हणून अंधार. शहरातले लोक असल्याच अंधारासाठी गाड्या करून लांब लांब जातात म्हणे!

१४ डिसेंबर २०२३ ची रात. अमावस्येला दोन दिवस झालेले. माय आठवड्यामागंच चैत्यभूमीवरून आली होती. दोघं गोधडीवर उताणे पडलो.

"तारा तुटला की माणूस मरतंय म्हणायचे," माय म्हणाली. "मग आज कुठं पटकी आली का?"

तारा तुटतच नाही, मी सांगितलं. फेथन नावाचा एक दगडी गोळा १९८३ साली सापडला. सूर्याभोवती फिरताना त्याची खडी-वाळू वाटेवर सांडलीय. पृथ्वी दर डिसेंबरात त्या वाटेत शिरते. हरभऱ्याएवढा, बहुधा त्याहूनही बारका खडा सेकंदाला ३५ किलोमीटरनं हवेत घुसतो आणि शंभरेक किलोमीटर वरच जळतो. सगळे मिथुन राशीकडून आल्यागत दिसतात. रास म्हणजे आभाळातली जागा, भटाचं दुकान नव्हे.

"म्हंजी वाळूच जळायली," माय म्हणाली. "आन् आमी जल्मभर भ्यालो."

तेवढ्यात बॅटरीचा झोत थेट माझ्या डोळ्यांत.

"कोण हाय रं? कुणाचा तू?"

कुणाचा, म्हणजे काय विचारलं ते तुम्हाला सांगायला नको. आपण रात्री माळावर दिसलो की चोर. मागल्या साली आमच्या उभ्या तुरीत गुरं कुणी सोडली तेही आम्हाला ठाऊक आहे.

माय उठून बसली. आजवर ती त्याला मालक म्हणायची. त्या रात्री म्हणाली नाही.

"तारे मोजायलोत. बॅटरी इझव, दिसंना."

"सकाळी बघतो," म्हणत तो गेला. बघेलही.

डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. माझी वाया गेली. मोजणी ५८ वर थांबली होती. ५९ वी मायनं पाहिली. मला दिसली नाही.