कोणतं राजूर?

वर्ध्याच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "कुठी चालली माय?" राजूरला, म्हटलं. "कोणतं राजूर? कोयशाचं?"

यवतमाळ जिल्ह्यात राजूर म्हटलं की हा प्रश्न येतोच. वणीजवळचं राजूर कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं, ते लोकांना आधी आठवतं. मला जायचं होतं कळंब तालुक्यातल्या राजूरला. तिथं खाण नाही, तीर्थ नाही. आजींना सांगितलं, की 2019 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन करणारी बाई त्या गावची. आजी म्हणाल्या, "हो, पायलं होतं टीव्हीवर. आपल्यासारखीच होती." त्यांची गाडी लागली आणि त्या उठून गेल्या.

आमच्या गावात दरवर्षी तीन दिवसांचा एक लहानसा कला-उत्सव होतो. लोकवर्गणीतून होतो, शाळेच्या मैदानावर होतो. नऊ वर्षं मी त्यात स्वयंसेवक आहे. सतरंज्या अंथरणं, खुर्च्या मोजणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं केलं आहे. मागच्या वर्षी उद्घाटनाला पाहुण्यांचं औक्षण करायला पाच बायका उभ्या होत्या. त्यांतली एक ओव्या म्हणणाऱ्या गटातली. आमच्याच एका कार्यकर्तीनं पुढं होऊन तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि दुसरीला दिलं. "सवाष्ण पाहिजे," एवढंच म्हणाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खुर्च्या मोजत होते आणि मोजतच राहिले. तासाभरानं त्या बाईनं ठरल्याप्रमाणे ओव्या म्हटल्या, फार सुरेख म्हटल्या. यंदा निरोप धाडला, तर ती येत नाही म्हणाली. ते ताट डोळ्यांपुढून हलेना, म्हणून संमेलनाचं उद्घाटन करणाऱ्या त्या विधवेच्या गावाला, राजूरला निघाले.

वर्धा ते कळंब आता रेल्वेही धावते. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पण मला गावं बघत जायचं होतं, म्हणून एस.टी. घेतली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. देवळी गेलं, भिडी गेलं. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. माती तीच काळी आणि पीकही तेच, पऱ्हाटी आणि तूर. डिसेंबर होता. बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती, आणि त्यांत कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बायका. रस्त्याकडेच्या झुडपांनाही कापसाचे पुंजके अडकलेले. भरलेल्या गाड्या जाताना लागतात ते.

खिडकीशी बसून मला 11 जानेवारी 2019 चा दिवस आठवत होता. यवतमाळला दुसऱ्यांदा संमेलन भरत होतं. आधीचं 1973 चं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. यावेळचं 92 वं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग निमंत्रण मागं घेतलं. ते वाईटच झालं, माझं मत आजही तेच आहे. कित्येक लेखकांनी पाठ फिरवली, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. आणि त्या रिकाम्या जागेवर उभ्या राहिल्या वैशाली येडे. राजूरच्या, शेतकऱ्याची विधवा, दोन लेकरांची आई, अंगणवाडीत मदतनीस. एक चूक झाकायला त्यांना पुढं केलं, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. असेलही. पण माइक हातात आल्यावर त्या ज्या ठामपणे बोलल्या, त्याचं श्रेय चूक करणाऱ्यांकडे जात नाही. तीन महिन्यांनी त्या यवतमाळ-वाशीममधून लोकसभेलाही उभ्या राहिल्या.

तो ठामपणा त्या दिवशी आकाशातून पडला नव्हता. त्याच्या आधीच त्यांनी 'तेरवं' या नाटकात काम केलं होतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं हे नाटक वर्ध्याच्या अध्ययन भारतीचं. तेरवं म्हणजे माणूस गेल्यावरचा तेरावा दिवस. पाहुणे उठून जातात आणि घरात ती बाई, लेकरं आणि कर्ज उरतं, तो दिवस. रंगमंचावर उभ्या होत्या त्या हे सगळं सोसलेल्या बायकाच.

मला या नाटकातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची तालीम. विधवेला समोर बसवून साडीचोळी देणारे कार्यक्रम आपल्याकडे भरपूर झाले. साडी घेताना तिला काही करावं लागत नाही, मान खाली घालून उभं राहिलं की झालं. तालमीत मात्र शब्द पाठ करावे लागतात. चुकलं की 'पुन्हा घ्या' असं कुणी तरी म्हणतं. 'पुन्हा घ्या' म्हणणारा माणूस तुमच्याकडून काहीतरी चांगलं होईल अशी अपेक्षा धरून असतो. दया करणारा तसं कधी म्हणत नाही.

कळंबला उतरून आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. गणपती जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं. मग ऑटोनं राजूर.

वैशालीताईंच्या घरी मी गेले नाही. त्यांच्या दारात कॅमेरे खूप येऊन गेले असतील, आणखी एक पाहुणी कशाला? गावातून नुसती फिरले. ओसरीत कापसाचा ढीग आणि त्यावर झोपलेलं मांजर. एका अंगणात वजनकाटा टांगलेला. दुपार कलली तशा बायका डोक्यावर गाठोडी घेऊन शेतांतून परतू लागल्या. गाठोडं काट्याला लावायचं, आकडा वहीत लिहून घ्यायचा. किलोमागे मजुरी, त्यामुळे आकड्यावर दोन्हीकडून नजर. एक ताई आपलं गाठोडं लावताना काट्याला कुणाचा हात लागत नाही ना, हे वाकून बघत होती. आकडा लिहिला गेल्यावरच तिनं पदरानं तोंड पुसलं. बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांचे बारीक ओरखडे होते.

ओट्यावर तिच्याशेजारी बसले. आमच्या उत्सवाचं सांगितलं आणि म्हटलं, तुमच्यासारख्या बायकांनी यायला हवं. तिनं ऐकून घेतलं.

"कधी असते?"

जानेवारीत, म्हटलं.

"वेचा चालू असते तवा. रोज बुडन. आन रातच्यानं परत कशी येऊ? लेकरू कोनाजवळ ठेवू?" मग जरा थांबून म्हणाली, "आन तिथं येऊन कराचं काय ताई? पाहाचंच असन त टीव्हीवर पायतो आमी."

नऊ वर्षांत आमच्या कार्यकारिणीत 'सर्वांना सामावून घेऊ' हे वाक्य किती वेळा बोललं गेलं! पत्रिकेवर 'सर्वांना आग्रहाचं निमंत्रण' छापतो आम्ही. रोजीचं काय, गाडीचं काय, लेकराचं काय, आणि आल्यावर काम काय, हे चार प्रश्न त्या पत्रिकेत कुठंच नाहीत. ते विचारायला एक दुपार आणि एक ओटा पुरला.

सांजेला देवळात सामुदायिक प्रार्थना होती. विदर्भात ही प्रार्थना तुकडोजी महाराजांनी घराघरांत पोचवली. ते 1968 ला गेले, पण खंजिरी अजून गावोगाव वाजते. प्रार्थनेआधी एक म्हातारे गृहस्थ देऊळ झाडत होते. झाडून झालं, हात धुतले, आणि खंजिरी घेऊन तेच पुढं बसले. झाडणारा निराळा आणि गाणारा निराळा असं तिथं नव्हतं. आमच्याकडे छातीवर बिल्ले असतात आणि बिल्ल्यांचे तीन रंग असतात.

परत आल्यावर पहिल्यांदा मी त्या ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या घरी गेले. मागच्या वर्षी गप्प राहिले याची माफी मागितली. यंदा उद्घाटनाचा दिवा तुम्ही लावा, आणि ओव्यांच्या गटाची तालीमही तुम्हीच घ्या, म्हटलं. तिनं चहा दिला. दिव्याबद्दल ती काही बोलली नाही. तालमीला कोण कोण येणार, तेवढं मात्र विचारून घेतलं. अजून ती हो म्हणालेली नाही.

उत्सव आम्ही जानेवारीतून काढून गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात नेला आहे. वेचा तोवर संपलेला असतो. स्वागतकमानीचे पैसे वाचवून आसपासच्या गावांसाठी रात्री सोडायची गाडी ठरवली आहे. तालमीच्या दिवसाची मजुरी द्यायची, हेही भांडून मंजूर करून घेतलं. शाळेचा एक वर्ग लेकरांसाठी, तिथं दोन स्वयंसेवक पूर्ण वेळ. औक्षण बंद. बिल्ल्यांचा रंग एकच.

तुमच्याही गावात असा एखादा उत्सव होत असेल. पत्रिका छापायला टाकण्याआधी जवळच्या खेड्यात एक चक्कर मारा आणि कापूस वेचून आलेल्या बाईला विचारा, तुमच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता असते?